पार्ट-टाइम पीएचडी की ऑनलाइन डीपीटी? ओपीडी सांभाळणाऱ्या फिजिओसाठी

एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतली मास्टर्स, झालीय, ओपीडी बऱ्यापैकी चालते आणि आता डॉक्टरेट करायचीच असं मनाशी पक्कं झालंय. अशा वेळी समोर दोन वाटा असतात. एक, इथल्या विद्यापीठाची पार्ट-टाइम पीएचडी. दुसरी, अमेरिकन विद्यापीठाची ऑनलाइन ट्रान्झिशनल डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. नावाआधी 'डॉ.' लागावं एवढाच हेतू असेल तर या फंदात पडू नका. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी असलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमाने फिजिओंना नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' लावायची मुभा दिली. सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाचं हरकतीचं पत्र निघालं, लगेच मागेही घेतलं गेलं आणि वाद कोर्टात पोचला. त्या भांडणापायी कुणी चार-पाच वर्षं घालू नयेत.

डीपीटीची पार्श्वभूमी थोडक्यात. क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये पहिला डीपीटी अभ्यासक्रम सुरू केला आणि २०१६ पासून अमेरिकेत शिकून फिजिओ व्हायचं तर डीपीटीच लागते. त्याआधी बॅचलर किंवा मास्टर्स करून कामाला लागलेल्या तिथल्या फिजिओंना त्या पातळीवर आणण्यासाठी ट्रान्झिशनल डीपीटी निघाली. हे लक्षात ठेवलं की तिचे गुण आणि तिचा त्रास, दोन्ही समजतात.

गुण आधी. डिफरन्शियल डायग्नोसिस, फार्माकोलॉजी आणि इमेजिंग हे तीन विषय आपल्याकडे एमपीटीएचपर्यंत तुकड्यातुकड्यांत होतात. तिथे ते सलग आणि केसच्या अंगाने शिकवतात. थेट आलेल्या पेशंटची कंबर ही फक्त कंबरच आहे ना, हे तपासायची शिस्त लागते. रात्रीचं दुखणं, विनाकारण घटलेलं वजन, मांड्यांच्या आतल्या भागातला बधिरपणा, लघवीवरचा ताबा हे सगळं ठरलेल्या क्रमाने विचारलं जातं. तिथल्या केसमध्ये अशा कंबरेमागे बहुतेकदा कॅन्सर निघतो. आपल्याकडे त्या यादीत मणक्याचा टीबी बराच वर घ्यावा लागतो. संध्याकाळचा बारीक ताप आणि गेलेली भूक हे दोन प्रश्न आपले आपण जोडायचे. एवढं केलं तर हा भाग पैसे वसूल आहे.

डीपीटीवरून मन उडतं ते मात्र एकाच कारणाने. जवळजवळ प्रत्येक असाइनमेंटच्या पोटात अमेरिकेची विमा यंत्रणा बसलेली असते. मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्याचा आठ मिनिटांचा नियम घ्या. वेळेवर मोजल्या जाणाऱ्या उपचाराचे ८ ते २२ मिनिटांना एक युनिट, २३ ते ३७ मिनिटांना दोन. मग प्लॅन ऑफ केअरवर, म्हणजे उपचारांच्या आखणीवर, डॉक्टरची संमती, तीही जास्तीत जास्त ९० दिवसांची. दर दहा भेटींना प्रोग्रेस रिपोर्ट. हा उपचार कुशल माणसानेच का द्यायला हवा, याचं समर्थन प्रत्येक नोंदीत. केस स्टडीत हात कुठे ठेवला यापेक्षा नोंद विमा कंपनीपुढे टिकेल का, यावर जास्त खल होतो. तिथे काम करणाऱ्याचं पोटच त्यावर आहे, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही. पण आपल्या ओपीडीत दहा सिटिंगचं पॅकेज असतं, पैसे रोख किंवा यूपीआयने येतात आणि आजोबांना घेऊन आलेला मुलगा तिसऱ्याच दिवशी विचारतो, "अजून किती सिटिंग लागतील?" त्याला द्यायचं उत्तर त्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. त्यात रविवार रात्री ११:५९ ची इस्टर्न टाइमची डेडलाइन आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेनऊला पडते, हिवाळ्यात साडेदहाला. म्हणजे ऐन ओपीडीच्या गर्दीत.

अमेरिकेला जायचं ठरलेलं असेल तर हाच त्रास तयारी ठरतो, हेही मान्य. परदेशी पदव्या तपासणाऱ्या एफसीसीपीटी या संस्थेने मूल्यमापनात काही विषय कमी दाखवले तर ते भरून काढायला अनेक जण हा मार्ग घेतात. मात्र नुसत्या डीपीटीने लायसन्स मिळत नाही, एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा द्यावीच लागते. तिथल्या फिजिओ अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केप्टे ही संस्था ट्रान्झिशनल डीपीटीला मान्यता देत नाही, ती फक्त प्रवेश-पातळीच्या डीपीटीला देते. काही विद्यापीठं अमेरिकन लायसन्सशिवाय प्रवेशच देत नाहीत, तेव्हा फी भरण्याआधी ते पाहा. डीएससी (डॉक्टर ऑफ सायन्स) हा तिसरा पर्याय मॅन्युअल थेरपीत रमणाऱ्यांना खुणावतो, पण हाताने शिकायच्या सत्रांना तिथे जावं लागतं. क्लिनिक बंद ठेवून ते परवडेल का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

इथेच राहायचं असेल तर माझा कल पीएचडीकडे आहे. ती सोपी अजिबात नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो, नाहीतर कराड, लोणी, पिंपरीकडची अभिमत विद्यापीठं, पाया यूजीसीच्या २०२२ च्या नियमांचा आहे. किमान तीन वर्षं, कमाल सहा, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि त्यात ५५ टक्के. पार्ट-टाइम चालते, ऑनलाइन चालत नाही. नोकरी असेल तर मालकाची एनओसी लागते. स्वतःचंच क्लिनिक असेल तर एनओसीच्या जागी काय द्यायचं, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या, कारण तोंडी उत्तर टेबलागणिक बदलतं.

पण खरी गाडी अडते ती डेटा गोळा करताना. समजा विषय आहे जुनाट कंबरदुखी, दोन उपचारांची तुलना. वेदना शून्य ते दहाच्या एनपीआरएसवर मोजायची आणि दोन अंकांचा फरक अर्थपूर्ण धरायचा. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, २.५. पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता, ८० टक्के. सूत्रात घातलं की प्रत्येक गटात २५ येतात. आपल्याकडे गळती मोठी, ती ३० टक्के धरली की ३६, म्हणजे दोन्ही मिळून ७२. तुमच्याकडे महिन्याला असे आठ नवे पेशंट येत असतील आणि निम्मे अटीत बसून तयार होत असतील, तर फक्त भरतीलाच १८ महिने जातात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याआधी आपल्या मागच्या वर्षाच्या रजिस्टरमधून हा आकडा काढा. गाइडला आवडतो म्हणून घेतलेला, पण तुमच्या ओपीडीत न येणारा आजार तुम्हाला सहाव्या वर्षापर्यंत लटकवून ठेवतो.

क्रमही पक्का असतो. आधी संशोधन समिती, मग एथिक्स कमिटी, मग सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी आणि त्यानंतर पहिला पेशंट. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी घेत नाही. 'पायलट म्हणून घेतले' म्हणत आधीच उरकलेले पेशंट नंतर मुख्य अभ्यासात मोजता येत नाहीत. सीटीआरआयकडून शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात, त्यासाठी काही आठवडे राखून ठेवा. क्लिनिकला स्वतःची एथिक्स कमिटी नसते. तेव्हा गाइडच्या कॉलेजची कमिटी बाहेरची जागा मान्य करते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. प्रश्नावली मराठीतली आणि प्रमाणित झालेली हवी. कंबरेसाठीची ओस्वेस्ट्री, गुडघ्यासाठीची वोमॅक अशा प्रश्नावल्यांना परवानगी लागते आणि परवानगीचं पत्र प्रबंधाच्या परिशिष्टात जातं.

छोट्या क्लिनिकमध्ये हमखास बिघडणाऱ्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, उपचार करणारा आणि मोजणारा एकच माणूस. मोजायला ज्युनिअर बसवा आणि कोण कुठल्या गटात आहे हे त्याला कळू देऊ नका. गट ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांचे लिफाफे अपारदर्शक, आत फॉइलचा तुकडा, बाहेर क्रमांक, आणि ते भरणारा माणूस उपचाराच्या बाजूला फिरकणारा नको. दुसरी, बाकावरच्या गप्पा. "त्यांना करंट लावला, मला का नाही?" हे एकदा सुरू झालं की दुसऱ्या गटाचा विश्वास जातो आणि गळती तिथूनच लागते. एक गट सकाळी, दुसरा संध्याकाळी हा उपाय फसवा आहे, कारण सकाळी निवृत्त मंडळी येतात आणि संध्याकाळी नोकरदार. त्यापेक्षा लिफाफा उघडल्यावर एका गटाला सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसऱ्याला मंगळवार-गुरुवार-शनिवार द्या. तिसरी, सहा आठवड्यांचा फॉलोअप. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की माणूस येतच नाही. मुख्य मोजमाप फोनवर विचारता येईल असंच ठेवा. एनपीआरएस फोनवर जमतं, इन्क्लिनोमीटरने (कोन मोजायच्या उपकरणाने) मोजायची हालचाल जमत नाही. घरातला आणखी एक नंबर घेऊन ठेवा. ऊसपट्ट्यात असाल तर गळीत हंगामात नवी भरती धरूच नका.

एवढं सोसून मिळतं काय? कंबरेच्या ७२ माणसांकडे सारख्याच शिस्तीने पाहिल्यावर त्या मुलाच्या 'अजून किती सिटिंग' या प्रश्नाला तुमच्याच ओपीडीतला आकडा देता येतो. आणि कॉलेजात शिकवायची दारं उघडतात. तिथल्या जाहिराती एमपीटीएच आणि पीएचडी विचारतात, डीपीटी त्यांपैकी कशाचीच जागा घेत नाही. ज्याला शिकवायचं नाही आणि संशोधनाचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी माझं पारडं कदाचित चुकीचं असेल. त्याने डीपीटीतले स्क्रीनिंग आणि इमेजिंगचे विषय सुटे मिळतात का ते पाहावं. पूर्ण पदवीची गरज पडेलच असं नाही.

पीएचडीच ठरली तर विषयाआधी गाइड बघा. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात, त्यात जागा शिल्लक आहे का ते विचारा. आणि निवृत्तीची तारीखही विचारा, संकोच करू नका. सेवेची तीन वर्षंही उरलेली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.