लेच्यापेच्या रोपांसाठी जांभळा दिवा की साधी बॅटन?

मे महिन्यात मिरची-टमाटरचं रोप घरात टाकणारे विदर्भात कमी नाहीत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेला की उघड्यावरचा ट्रे दुपारपर्यंत वाळून कडक होतो. म्हणून तो कवेलूच्या घरात नाहीतर सपरीच्या आतल्या कोपऱ्यात येतो. तिथे बी छान उगवतं आणि दोन-चार दिवसांत रोप नुसतं उंच पळायला लागतं. दांडी दोऱ्यासारखी, पानं फिक्की, पाणी मारलं की आडवं. यावर उपाय म्हणून ऑनलाइन मिळणारा जांभळा 'ग्रो लाइट' आता गावोगावी पोचला आहे. इथे त्याची गाठ तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानातल्या २० वॅटच्या साध्या एलईडी बॅटनशी, म्हणजे लांब पट्टीसारख्या ट्यूबशी, घातली आहे, आणि सोबत लागणाऱ्या बाकीच्या सामानाचाही हिशेब आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: दिवा राहू द्या, बॅटन घ्या. आणि एक नाही, दोन घ्या.

जांभळ्या दिव्याची मोठी अडचण त्याच्या खोक्यावरच छापलेली असते, फक्त ती वाचावी लागते. चिमट्याने टेबलाला अडकवायचा, चार वाकड्या मानांचा हा दिवा मोबाइलच्या चार्जरवर चालतो. चार्जर ५ व्होल्ट २ अँपियरचा असेल तर तो जास्तीत जास्त १० वॅट देणार. मग खोक्यावर '८० वॅट' कुठून आले? आत बसवलेल्या बारक्या एलईडींच्या क्षमतेची ती बेरीज असते, प्रत्यक्ष ओढलेली वीज नव्हे. हे १० वॅटही चार मानांत वाटले जातात, आणि प्रत्येक मान एक वीतभर जागा उजळते. ९८ खणांच्या ट्रेवर चारही माना फिरवल्या तरी कडेचे खण अंधारातच राहतात. तिथली रोपं दिव्याकडे मान टाकून तिरपी वाढतात.

रंग वाईट आहे असं नाही. लाल-निळ्या उजेडावर रोप वाढतं, आणि निळ्या उजेडाने दांडी आखूड राहते हेही खरं. पण जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही. बुडाशी मर लागून दांडी तपकिरी झाली तरी लक्षात येत नाही. रोप सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष लहान नाही. कुंडीत चार तुळशी नाहीतर सांबार (कोथिंबीर) लावणाऱ्याला दिवा चालेल, ट्रे भरणाऱ्याला नाही.

आता बॅटन. चार फुटी, २० वॅट, खोक्यावर २००० च्या आसपास ल्युमेन (एकूण उजेड) आणि ६५०० के (उजेडाचा रंग) लिहिलेली पांढरी बॅटन हवी. ३००० के वाली पिवळसर बॅटन घेऊ नका, तिच्यात निळा भाग कमी असतो. गावात व्होल्टेज वरखाली होत असेल तर इनपुटचा आकडा बघा. काही बॅटनवर २२०-२४० व्होल्ट असतं, काहींवर १०० ते ३०० व्होल्ट. दुसरी घ्या. पहिलीचं ड्रायव्हर, म्हणजे आतलं वीज सांभाळणारं सर्किट, संध्याकाळच्या कमी व्होल्टेजला लुकलुकतं आणि लवकर जातं. बिल मागून घ्या, वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

९८ खणांचा प्रो-ट्रे साधारण ५४ सेंटिमीटर लांब आणि २७ रुंद असतो. म्हणजे चार फुटी बॅटनखाली लांबीला लांबी जोडून बरोबर दोन ट्रे बसतात, १९६ रोपं. रुंदी एका बॅटनने नीट उजळत नाही, म्हणून दोन बॅटन चार-पाच इंचांच्या अंतराने शेजारी शेजारी बांधायच्या. लोखंडी रॅक असेल तर वरच्या फळीला, नाहीतर खाटेच्या खालून सुतळीने टांगल्या तरी चालतात. सुतळीला सरकगाठ मारा, कारण दर तीन-चार दिवसांनी बॅटन वर ओढावी लागते.

किती उंचीवर, इथेच बहुतेकांचं बिघडतं. ट्यूब छताला आणि ट्रे जमिनीवर असेल तर खोली लख्ख दिसते, पण रोपाला काही मिळत नाही. एका बॅटनखाली १० सेंटिमीटरवर हिशेबाने ८ हजार लक्सच्या (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड पडतो, एक मीटरवर तो ६०० लक्सच्याही खाली येतो. बाहेरचं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, त्यापुढे दोन्ही आकडे किरकोळच, पण पहिल्यावर रोप जाड होतं आणि दुसऱ्यावर पळतं. रोपाच्या शेंड्यापासून चार बोटं वर, हे माप धरा. एलईडी बॅटन कोमट होते, भाजत नाही. मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपने ढोबळ अंदाज येतो, मात्र त्याने जांभळ्या दिव्याची तुलना करू नका. लक्सचं माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या उजेडाला झुकतं धरतं, जांभळ्यावर अन्याय होतो. तिथे वॅटच बघावेत, आणि वॅटमध्येही तो हरतोच.

रोज १४ ते १६ तास उजेड पुरे. दोन बॅटनचे ४० वॅट १४ तास म्हणजे दिवसाला अर्धा युनिट आणि वर थोडं, महिन्याला १७ युनिट. रात्रभर चालू ठेवून रोप लवकर तयार होईल असं समजू नका. चोवीस तास उजेडात टमाटरची पानं पिवळी पडतात. दिवसात दोन-तीन तास लाइन गेली तरी फार बिघडत नाही, तेवढा वेळ संध्याकाळी वाढवून द्या.

बी उगवेपर्यंत उजेडाची गरज नाही. ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने झाका. २८ ते ३० अंशांत टमाटर चार-सहा दिवसांत येतं, वांगं त्याच्या मागोमाग, मिरची आठ-दहा दिवसही घेते. पहिली चार-दोन डोकी वर दिसली की त्याच दिवशी झाकण काढून ट्रे बॅटनखाली गेला पाहिजे. सगळं बी उगवायची वाट पाहिली तर पुढे आलेली रोपं एका रात्रीत इंचभर लांबतात, आणि ते लांबणं नंतर कशानेच कमी होत नाही.

उजेड भरपूर देऊनही रोप पळत असेल तर रात्रीचं तापमान तपासा. टिनपत्र्याची खोली मे महिन्यात रात्री बारालाही ३२-३३ अंशांवर असते. गरम रात्र आणि कमी उजेड ही लांबुळक्या रोपांची खरी जोडी आहे. ट्रे रात्री अंगणात किंवा गच्चीवर ठेवा, सूर्य वर यायच्या आत परत आणा. कूलरच्या खोलीत ट्रे ठेवायचा मोह होतो. थंडावा चांगलाच, पण कूलरची ओली हवा थेट ट्रेवर आली की ट्रेमधल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) वरचा थर सुकतच नाही आणि बुडाशी मर लागते. कूलर समोर नको, कडेला हवा.

पंख्याला मात्र पैकीच्या पैकी गुण. वाऱ्याने हलणारं रोप आपली दांडी जाड आणि आखूड करतं, हलणं थांबलं की नुसतं उंच जातं. जुना टेबल फॅन एक नंबरवर, चार-पाच फुटांवरून, दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-अर्धा तास; पानं नुसती थरथरली पाहिजेत, वाकली नाही पाहिजेत. पंखा नसेल तर सकाळ-संध्याकाळ तळहात शेंड्यांवरून दहा-पंधरा वेळा हळूच फिरवा. पानं ओली असताना हात लावू नका, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. पंखा लावला की कडेचे खण आधी वाळतात, तिथे वेगळं पाणी द्यावं लागतं.

कोकोपीटची ५ किलोची वीट घेताना 'लो ईसी' (कमी क्षाराचं) किंवा 'धुतलेलं' लिहिलंय का ते पाहा. न धुतलेल्या विटेत क्षार असतात, त्याने पानांची टोकं जळतात आणि दुकानदार म्हणतो, "ऊन लागलं असंन भाऊ." घरात ठेवलेल्या ट्रेला ऊन कुठून लागणार? शंका असेल तर वीट फुगवून दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्या. एक वीट २५ लिटरच्या आसपास पाणी पिते आणि सत्तरेक लिटर माल देते. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. याहून जास्त खत घातलं की मिश्रण जड होऊन पाणी धरून ठेवतं. मूठभर मिश्रण दाबलं की बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत, धार नको. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोग अडवणारी मित्रबुरशी) किलोमागे ५ ग्रॅम चोळून घ्या.

पहिली दोन खरी पानं फुटेपर्यंत वरून खत काहीच नाही. नंतर १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याने एक ग्रॅम. चिमूटभर युरिया घालायची सवय सोडा, उजेड कमी आणि नत्र जास्त झालं की दांडी पोकळ आणि पाणचट होते. दुसरा मोह वाढ रोखणाऱ्या औषधाचा. कपाशीसाठी घरात बाटली असतेच, त्यातले दोन थेंब रोपांवर मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. रोप बुटकं दिसतं खरं, पण उजेडाची उणीव तशीच राहते, आणि ट्रेमधल्या इवल्या रोपाला माप थोडं चुकलं तरी ते शेतात गेल्यावरही खुंटून बसतं. त्या बाटलीला या कामात शून्य गुण.

ट्रेमध्ये पातळ प्लास्टिकचा माल फार आहे. रिकामा ट्रे एका टोकाला धरून आडवा उचला. मधून लोंबला तर तो भरल्यावर खणांच्या भोकापाशी तडकणार. मिरची ३०-३५ दिवस ट्रेमध्ये राहते, टमाटर २१-२५, वांगं चार आठवडे. पाऊस लांबून लावणी पुढे जाईल असं वाटत असेल तर ५० खणांचा ट्रे घ्या. ९८ मध्ये चौथ्या आठवड्यात पानाला पान लागतं, आणि शेजाऱ्याची सावली पडली की रोप पुन्हा पळायला लागतं. तेव्हा एक सोडून एक रोप काढून दुसऱ्या ट्रेमध्ये हलवा.

आधीच लांबलेल्या रोपांचं काय? टमाटर वाचतं. तळाला भोक पाडलेल्या उभट पेल्यात दांडी थेट बीजपत्रांच्या (उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांच्या) खालपर्यंत पुरा, पुरलेल्या दांडीला मुळं फुटतात. उचलताना पान धरा, दांडी धरू नका. पान तुटलं तर दुसरं येतं, दांडी चेपली की रोप गेलं. मिरची आणि वांग्याला दांडीवर अशी सहज मुळं येत नाहीत, अर्धा-पाऊण इंचच खोल लावा आणि खराट्याच्या काडीचा आधार द्या. काकडी, दोडका, भोपळा यांच्या लांबलेल्या रोपांवर वेळ घालवू नका. त्यांची दांडी पुरली की कुजते, नवीन बी चार-सहा दिवसांत वर येतं.

शेवटचे आठ-दहा दिवस बाहेरच्या हवेचे. आधी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत, नऊनंतर ५० टक्क्यांच्या हिरव्या नेटखाली. बॅटनखालचं जाडजूड रोप एकदम मृगाआधीच्या उन्हात ठेवलं तर पानं कागदासारखी पांढरी पडतात.

टायमर घ्यायचा असेल तर खुंट्या दाबायचा चाकाचा टायमर खेड्यात निरुपयोगी समजा. लाइन गेली की चाक थांबतं, दोन-तीन दिवसांत दुपारचे बारा त्याच्या लेखी सकाळचे सहा होतात. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ धरून राहतो. आणि दहाच्या वर ट्रे भरायचे असतील तर हे सगळं सोडून निंबाच्या झाडाखाली बांबूवर शेडनेट ताणा. तेवढ्या ट्रेंना दहा बॅटन लागतील, त्यापेक्षा नेट स्वस्त पडतं.