बंदूक नीट, दस्ता लांब: मॉसबर्ग ५९०चा काही महिन्यांचा अनुभव

मॉसबर्ग ५९० ही पंप शॉटगन, म्हणजे छऱ्ऱे झाडणारी, नळीखालचा दांडा हाताने मागेपुढे करून चालवायची बंदूक. त्याहून जास्त तोंडओळख करून देत बसत नाही. १२ गेज (नळीच्या भोकाचं माप), २० इंची नळी, तिच्याखालच्या मॅगझीनमध्ये आठ काडतुसं, हे घेणाऱ्याला ठाऊकच असतं. लिहायला बसलो ते दस्त्यामुळे, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागामुळे. इथे अमेरिकेत साडेचारशे-पाचशे डॉलरची बंदूक, आणि ती घरातल्या सगळ्यांना झेपावी म्हणून वर शंभराहून जास्त डॉलर मोजायचे, तेही दीडेक इंच प्लास्टिक कमी करायला. जास्त पैसे देऊन कमी माल घ्यायचा हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

कारखान्यातून येणाऱ्या दस्त्याचं माप, म्हणजे चापापासून मागच्या रबरी गादीपर्यंतचं अंतर, १३.८७ इंच. लांब हातांच्या सहा फुटी माणसाला ते ठीक बसतं. आपल्या घरांत पाच फूट दोन ते पाच फूट सात उंचीची माणसं जास्त, त्यांना बसत नाही. दुकानात दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायला लावतात. बोट पोचतंच, अडचण पुढच्या हाताची असते. दस्ता लांब म्हटल्यावर अख्खी बंदूक पुढे जाते, फोरएन्ड (पंप मारायचा नळीखालचा दांडा) त्याहून पुढे, आणि तो धरणारा हात जवळपास ताठ होतो. ताठ हाताला पंप शेवटपर्यंत मागे ओढायला जोरच राहत नाही. त्यात तोल सावरायला माणूस पाठीतून मागे झुकतो, आणि मग धक्का छातीऐवजी खांद्याच्या टोकावर बसतो.

पंप अर्धवट राहिला की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण या जातीच्या बंदुकीत जे अडतं त्यातलं बहुतेक इथेच अडतं. फोरएन्ड पूर्ण मागे आला तरच रिकामी पुंगळी इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या तुकड्यावर) आपटून बाहेर पडते आणि मॅगझीनमधलं पुढचं काडतूस उचलणीवर (ते वर नेणाऱ्या पट्टीवर) येतं. थोडं कमी ओढलं तर पुंगळी बाहेर पडत नाही आणि पंप पुढे ढकलला की तीच पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, जाते. चाप ओढल्यावर नुसती टिक. नाहीतर पुंगळी तोंडाशी आडवी होऊन अडकते. माणसाला वाटतं बंदूक बिघडली. अशाच तक्रारीवर बंदुका दुरुस्त करणाऱ्या इथल्या एका गनस्मिथने मला इजेक्टर आणि दोन्ही एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढणारे आकडे) बदलायला सांगितले. मजुरी धरून आकडा नव्या दस्त्याच्या जवळ जात होता. मॉसबर्गचा इजेक्टर एका स्क्रूवर बसतो, बदलायचाच असेल तर घरी बदलता येतो. रेमिंग्टन ८७० या दुसऱ्या पंप शॉटगनचा रिव्हेट केलेला असतो, तिथे गनस्मिथ लागतो. पण आधी तपासायचं असतं ते माप. दोन-तीन डमी काडतुसं भरायची, बंदूक खांद्याला लावायची आणि न उतरवता पंप मारत राहायचं. एखाद्या वेळी जरी पुंगळी आत राहिली तरी आधी दोष दस्त्याचाच धरा.

उपाय दोन. होगचा १२ इंची रबरी दस्ता: स्वस्त, घट्ट बसतो, पण लांबी ठरलेली. दुसरा मॅगपुलचा एसजीए: मधले तुकडे काढून-घालून १२.५ ते १४.५ इंच करता येतो. घरात दोन उंचींची माणसं असतील तर एसजीए घ्या आणि माप सगळ्यात बुटक्या माणसाचं ठेवा. उंच माणसाला आखूड दस्ता चालून जातो, बुटक्याला लांब चालत नाही. बदलायला अर्धा तास पुरतो: मागच्या गादीचे दोन स्क्रू काढायचे, आतला लांब बोल्ट सैल करायचा, नवा दस्ता लावून त्याच्यासोबत आलेल्या बोल्टने आवळायचा. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) पहिली पंचवीसेक काडतुसं झाली की बोल्ट पुन्हा तपासा, थोडा सैल झालेला असतो.

पिस्तुली मुठीचा दस्ता या बंदुकीवर लावू नका. मॉसबर्गची सेफ्टी (चाप अडवणारी खुंटी) रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्याच्या, माथ्यावर, अंगठ्याखाली असते. डावखुऱ्या-उजव्या दोघांनाही सारखी, म्हणूनच मी ८७०ऐवजी ही निवडली. मूठ खाली गेली की अंगठा तिथे पोचत नाही आणि अर्धे पैसे जिच्यासाठी मोजले ती सोयच जाते.

आता आठ काडतुसांबद्दल. सुरुवातीला मला ही जमेची बाजू वाटत होती. आता मी साडेअठरा इंची घेईन. रिकामी बंदूकच सात पौंडांच्या आसपास. त्यात नळीखाली आठ काडतुसं आणि पुढे दिवा, म्हणजे सगळं वजन डाव्या हातावर येतं. शिवाय काडतूस प्लास्टिकचं असतं. पूर्ण भरलेल्या मॅगझीनमध्ये स्प्रिंगच्या दाबाखाली महिनोन्महिने राहिलं की मऊ पुंगळी दबते, फुगते आणि उचलणीवर येताना कुरकुरते. स्प्रिंगला काही होत नाही, काडतुसाला होतं. मी सहाच भरतो आणि दर थोड्या महिन्यांनी बाहेर काढून बोटांत फिरवून बघतो. कड दबलेली असेल तर ती रेंजवर संपवायची. बाजूला लावायचा काडतुसांचा पट्टा स्क्रूवाला नको. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, स्क्रू जरा जास्त आवळले की तो चिमटला जातो आणि पंप जड होतो. वेल्क्रोवर चिकटणारी सहा खणांची पट्टी पुरते. मात्र फोरएन्ड मागे फार लांब असेल तर तो पंप मारताना तिच्यावर घासतो, घेण्याआधी मापून बघा.

दिव्यावर कंजुषी नको. सात समुद्रांपलीकडून आलेले आई-बाबा जेट लॅगमुळे रात्री तीनला स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत असतात; समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाजवळ बोट जाताच कामा नये. स्ट्रीमलाइटचा टीएल-रॅकर हा दिवा फोरएन्डमध्येच आहे, १,००० ल्युमेन, दोन सीआर१२३ए बॅटऱ्यांवर, बटण दोन्ही बाजूंना. याआधी लावलेला क्लॅम्पवाला स्वस्त दिवा (नाव लिहीत नाही) दहा-बारा धक्क्यांत फिरून छताकडे बघायला लागला. टीएल-रॅकर लावताना जुना फोरएन्ड काढायला दोन खाचांचा खास पाना लागतो. तो आधी मागवा, पकडीने प्रयत्न केला तर नटाच्या खाचा जातात. आणि एक, बंदुकीवरच्या दिव्याने शोधाशोध करायची नसते, कारण जिथे उजेड तिथे नळी. खोली बघायला हातातला टॉर्च, नाहीतर भिंतीवरचं बटण. नळी जमिनीकडे ठेवून पडलेला उजेडही खोली ओळखायला पुरतो.

काडतुसं पावणेतीन इंचीच घ्या. तीन इंचींनी धक्का वाढतो, घरात फायदा काहीच नाही. माझ्या नळीत फेडरलचं फ्लाइटकंट्रोल, आठ छऱ्ऱ्यांचं डबल ओ बक (बक म्हणजे मोठे छऱ्ऱे), सगळ्यात चांगलं निघालं. वेग सेकंदाला सुमारे १,१४५ फूट, नेहमीच्या १,३२५च्या तुलनेत धक्का सोसवतो. नऊ छऱ्ऱ्यांच्या काडतुसात एक छऱ्ऱा अनेकदा घोळक्यापासून लांब जातो, आणि घरात लांब गेलेला छऱ्ऱा म्हणजे पलीकडच्या खोलीत गेलेला छऱ्ऱा. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलचे दोन पत्रे, मध्ये पोकळी. बक त्या ओलांडतो, पुढचीही ओलांडतो. म्हणून कुठल्या कोपऱ्यातून कुठल्या दिशेला मुलांची खोली येत नाही, हे दिवसा घरात चालून ठरवून ठेवा. बारीक पक्षी-छऱ्ऱे भिंतीत थोडे कमी जातात, पण माणसाला थांबवायलाही अपुरे पडतात.

शॉटगनला नेम धरावा लागत नाही ही समजूत कागद लावून मोडून टाका. घरातलं सगळ्यात लांब सरळ अंतर मोजा, बहुधा ते दहा यार्डांच्या आतच असतं, आणि तेवढ्या अंतरावर कागद लावून पाच काडतुसं झाडा. फ्लाइटकंट्रोलचे छऱ्ऱे तिथे मुठीएवढ्या जागेत पडतात. नेम न धरता चालणारी बंदूक ही नाही. बऱ्याच इनडोअर रेंजवर छऱ्ऱे चालत नाहीत, जाण्याआधी फोन करा. सरावाला स्वस्त काडतुसं चालतात, पण तळ पितळी बघा. काही स्वस्त काडतुसांचा पोलादी तळ गरम चेंबरमध्ये चिकटतो आणि मग पुन्हा पंप अर्धवट. धक्का कमी करायला पुढच्या हाताने फोरएन्ड पुढे ढकलायचा, मागच्याने दस्ता खांद्यात ओढायचा. आखूड दस्त्यावर हे जमतं, लांबवर नाही. फिरून गाडी तिथेच येते.

ठेवायची कशी: चेंबर रिकामं, मॅगझीन भरलेलं, आतला हातोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो) उतरलेला, सेफ्टी लावलेली. हातोडा उतरवायचा तो मॅगझीनही रिकामं असताना, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप ओढून. मॅगझीन त्यानंतर भरायचं. मग पंप एका ओढीत सुटतो. हातोडा चढलेला राहिला तर चापाच्या मागची कडी दाबावी लागते आणि घाईत ती सापडत नाही. चेंबर भरून ठेवायचं नाही, कारण सेफ्टीने अडतो तो फक्त चाप. बंदूक पडली तर सेफ्टीचा भरवसा नाही. आणि हे सगळं कुलपात. पलंगाखालची लांब पेटी, बटणांच्या कुलपाची. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे, आपापले बघा.

व्हिसाचं आपल्या मंडळींत कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूकच नव्हे, काडतूसही जवळ बाळगायला बंदी आहे. ठरावीक अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. म्हणजे नवऱ्याला ग्रीन कार्ड आणि बायको अजून एच-४वर, किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, अशा घरात पेटीचा आकडा एकाकडेच राहिला पाहिजे. शंका असेल तर बंदूक घेण्याआधी वकिलाला विचारा, त्याची फी दस्त्यापेक्षा जास्त असली तरी.

पैसे वाचवायचेच असतील तर जुनी मॉसबर्ग ५०० शोधा, लांब शिकारी नळी आणि आखूड नळी अशा जोडीत मिळते. ५९०ची नळी ५००ला बसत नाही, आणि ५००मध्येही बंदूक (चेंबरमधलं एक धरून) सहा काडतुसांची की आठांची यावरून नळी ठरते: सहाला साडेअठरा इंची, आठला २० इंची. शिकारीच्या बंदुकीत मॅगझीनमध्ये लाकडी दांडी असते, स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत एका वेळी तीनच काडतुसं चालतात म्हणून. ती काढून टाका. घरात कुणाला १२ गेजचा धक्का सोसत नसेल तर ५०० बँटम २० गेजमध्ये येते, आणि ती कारखान्यातूनच आखूड दस्त्याची येते. म्हणजे आखूड दस्ता बनवता येतो त्यांना. नेहमीच्या ५९०वर का लावत नाहीत, ते तेच जाणोत.