सपाट तळव्यांसाठी कमी-जास्त करता येणारे इनसोल

सपाट तळव्यांसाठी म्हणून बाजारात जे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे तळ, मिळतात, त्यांतील बहुतेकांची कमान एकाच ठरावीक उंचीची असते आणि ती आपल्या पायाला मानवेल की नाही, हे पैसे मोजून झाल्यावरच कळते. मी ज्या जोडीविषयी लिहीत आहे, ती नाशिकमधील एका नोंदणीकृत ऑर्थोटिस्टांनी, म्हणजे शरीराला बाहेरून आधार देणारी साधने बनवणाऱ्या तज्ज्ञांनी, आपल्या छोट्या कार्यशाळेत पायाचा ठसा घेऊन तयार केली आहे. कमानीखालचा आधार आणि टाचेखालचा उतार हे दोन्ही वापरणाऱ्याला घरच्या घरी, कोणत्याही हत्याराशिवाय, टप्प्याटप्प्याने वाढवता किंवा कमी करता येतात, हे तिचे वैशिष्ट्य. शाळेत दिवसाचा बराचसा वेळ उभे राहून शिकवणाऱ्या मला या जोडीने जो आराम दिला आहे, तो आधीच्या कोणत्याही इनसोलने दिला नव्हता. अशा प्रकारचे इनसोल इतर ठिकाणीही करून मिळतात, म्हणून हे परीक्षण दुकानाचे नसून रचनेचे आहे. आपल्या गावातील ऑर्थोटिस्टांकडे जाताना काय मागावे आणि काय तपासून घ्यावे, हे वाचकाला कळावे एवढीच इच्छा आहे.

पावलात २६ हाडे असतात आणि टाचेपासून चवड्यापर्यंत आतल्या बाजूने जाणारी कमान ही या हाडांची ठेवण, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, तळव्याखालचा जाड पडदा आणि पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने खाली उतरणारी एक महत्त्वाची स्नायुरज्जू यांच्या एकत्रित ताणावर उभी असते. हा ताण कमी पडला की कमान खाली बसते. पण ती एकटी बसत नाही. तिच्याबरोबर घोटा आत झुकतो, टाचेचे हाड कलते आणि पावलाचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला वळतो. कमानीखाली नुसता उंचवटा ठेवून भागत नाही, ते यामुळेच. टाच कललेलीच राहिली तर पाऊल त्या उंचवट्यावर घसरत राहते आणि दुपारनंतर तळव्याच्या मध्यभागी खडा टोचावा तसे दुखू लागते. औषधांच्या दुकानातून घेतलेल्या सिलिकॉनच्या तयार इनसोलचा माझा अनुभव नेमका हाच होता: उंचवटा मऊ होता, तरी तो टाचेपासून फार पुढे, म्हणजे जिथे आधार हवा त्या, कमानीच्या माथ्यावरच्या नौकाकृती हाडाच्याही पुढे आला होता.

कार्यशाळेत माझ्या पायांकडे पाहण्याआधी ऑर्थोटिस्टांनी माझे जुने बूट मागितले. ते टेबलावर मागची बाजू समोर करून ठेवले आणि दोन्ही बुटांची टाचेमागची भिंत आतल्या बाजूला कशी झुकली आहे, हे बोट ठेवून दाखवले. मग मला अनवाणी उभे करून ते मागे बसले. पाऊल बाहेर वळलेले असले की मागून पाहताना करंगळीच्या बाजूची जास्त बोटे दिसतात; ती त्यांनी मलाही आरशात दाखवली. त्यानंतर चवड्यांवर उभे राहायला सांगितले. मी टाचा उचलताच कमान वर आली आणि टाच आत वळली, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पाऊल लवचीक आहे, म्हणून इनसोलचा उपयोग होईल. कमान वर आलीच नसती, तर मी तुम्हाला आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.” ही चाचणी कोणीही घरी करून पाहू शकतो, आणि माझ्या मते इनसोलवर एक रुपयाही खर्च करण्याआधी ती करावीच.

ठसा घेताना पाऊल फोमच्या पेटीत दाबले जाते, त्या खळग्यात प्लास्टर ओतून पावलाची प्रतिकृती तयार होते आणि तिच्यावर पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचा गरम केलेला पत्रा बसवला जातो. हे काम मला पाहू दिले गेले. दुधी रंगाचा पत्रा भट्टीत तापत जाऊन काचेसारखा पारदर्शक झाला की तो वळवण्याजोगा झाला असे समजायचे. मग तो प्रतिकृतीवर अंथरून खालून हवा शोषून घेतली जाते आणि पाहता पाहता तो प्लास्टरला चिकटून बसतो. थंड होताना तो पुन्हा दुधी होतो आणि इनसोलचे कवच तयार होते. माझ्या वजनासाठी ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरेसा ठरला. अधिक वजनाच्या व्यक्तीसाठी ४ मिलिमीटरचा घेतात.

आता मुख्य मुद्दा. या कवचाच्या खालच्या बाजूला, कमानीच्या पोकळीत, अर्धचंद्राच्या आकाराचे ईव्हीए फोमचे तुकडे वेलक्रोने एकावर एक बसतात. प्रत्येक तुकडा २ मिलिमीटर जाडीचा असून एक मऊ आणि दोन कडक असे तीन तुकडे प्रत्येक पायासाठी मिळतात. वरवर पाहता असे वाटते की तुकडा वाढवला की कमान उंच होते, पण तसे होत नाही आणि या रचनेतील खरा विचार इथेच आहे. पॉलिप्रोपिलीनचे कवच शरीराच्या वजनाखाली थोडे दबते. खालचा तुकडा ते किती दबावे याला मर्यादा घालतो. पायाला लागणारा पृष्ठभाग तोच गुळगुळीत आणि ठशाबरहुकूम राहतो, बदलतो तो त्याचा ताठरपणा. तुकडा नसताना कवच पायाबरोबर खाली जाते, एक तुकडा लावल्यावर लवकर थांबते, तिन्ही लावल्यावर जवळजवळ हलतच नाही. आधार वरून, म्हणजे तळव्याच्या थेट खाली चिकटवला असता, तर प्रत्येक बदलानंतर कडा टोचल्या असत्या आणि घामाने वेलक्रो सुटत राहिले असते.

टाचेखाली अशाच प्रकारे पाचर बसते. तिची आतली बाजू जाड आणि बाहेरची पातळ असते. २ अंशांची आणि ४ अंशांची अशा दोन जोड्या दिल्या जातात. पाचरीने टाचेचा आतला काठ किंचित उचलला जातो आणि घोटा सरळ रेषेत यायला मदत होते. माझ्या अनुभवात कमानीखालच्या तुकड्यांपेक्षा २ अंशांच्या या पाचरीचा परिणाम जास्त जाणवला, विशेषतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला. ४ अंशांची पाचर मला मानवली नाही. तिच्यामुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला ओढ जाणवू लागली आणि मी पुन्हा २ अंशांवर आले. बदल परत फिरवता येणे ही किती मोठी सोय आहे, हे अशा वेळी कळते. एकाच साच्यातील ताठ इनसोल असते, तर ते कपाटात पडून राहिले असते.

टाचेभोवतीची वाटीही नीट पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक रॉयल व्हिटमन यांनी सपाट तळव्यांसाठी धातूची पट्टी वापरली, आणि पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बायोमेकॅनिक्स प्रयोगशाळेने खोल वाटीचे प्लॅस्टिकचे इनसोल पुढे आणले, जे आजही यूसीबीएल या आद्याक्षरांनी ओळखले जाते. टाच धरली की पाऊल धरले जाते, हे त्यामागचे सूत्र. माझ्या जोडीतील वाटी इतकी खोल नाही, त्यामुळे ती साध्या बुटात मावते. मात्र पायाची लवचीकता फारच जास्त असलेल्यांना खोल वाटी लागू शकते आणि मग बूटही तसाच रुंद घ्यावा लागतो.

पुढच्या टोकाला कवच चवड्याच्या थोडे मागेच संपते आणि तिथून पुढे फक्त पातळ, मऊ थर जातो. हे योग्यच आहे. १९५४ मध्ये जे. एच. हिक्स यांनी दाखवून दिले की पाऊल उचलताना अंगठा वर वळतो, तेव्हा तळव्याखालचा पडदा ताणला जाऊन कमान आपोआप उंचावते. कवच चवड्याखाली गेले असते, तर अंगठ्याची ही हालचालच अडली असती. इनसोल पाहताना ते कुठे संपते, हे बोटांनी चाचपून बघावे.

सवय करण्याच्या सूचना स्पष्ट आणि लेखी होत्या: सुरुवातीला एकही तुकडा न लावता दिवसातून तासभर, मग रोज थोडे वाढवत पूर्ण दिवस, आणि पूर्ण दिवस त्रासाशिवाय गेल्यावरच पहिला मऊ तुकडा. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे दुखले तर कशामुळे हे समजते. पोटरीचे ताण आणि बोटे न आवळता तळवा आखूड करण्याचा व्यायामही रोज करायला सांगितला होता. मी सध्या एका मऊ आणि एका कडक तुकड्यावर स्थिर आहे. तिसरा तुकडा मला लागला नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या टाळता येण्याजोग्या आहेत. दोन्ही पाचरी एकाच रंगाच्या आहेत आणि त्यांच्यावर अंशांची खूण नाही. २ आणि ४ अंशांमधला फरक नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून मी त्यांच्यावर स्वतः पेनाने आकडे लिहिले. तुकड्यांवरही डावा-उजवा अशी खूण हवी होती. वेलक्रोच्या आकड्यांत धूळ आणि मोज्यांचे धागे अडकतात, ते दातांच्या जुन्या ब्रशने काढावे लागतात. पावसाळ्यात फोमला फारसे काही होत नाही, परंतु वरचे कापडी आवरण भिजले की लवकर वाळत नाही आणि कडेचा चिकटा सुटू लागतो. नाशिकच्या पावसात ही स्थिती, तर कोकणात काय होईल याची कल्पना करता येते. तिथल्या वाचकांनी आवरण रेक्झिनचे मागून घ्यावे. कवच बुटाच्या तळाला घासून किरकिर आवाज करत होते, तो थोडी टाल्कम पावडर टाकल्यावर थांबला.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र कारागिरीची नाही, ती आपल्या राहणीची आहे. इनसोल बुटात असतात आणि आपण घरात फरशीवर अनवाणी, बाहेर चपलेत वावरतो. सुटीच्या दिवशी, सणावाराला, स्वयंपाकघरात तासन्तास उभे असताना पायाला हा आधार मिळतच नाही. कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट असतो आणि तिच्यात असे काही बसवायला जागा नसते. मी घरात वापरण्यासाठी मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये तसाच तळ बसवून घेतला आहे, त्याचा खर्च वेगळा आला. पण फायदा पाहता तो आधीच करायला हवा होता, असे माझे मत झाले आहे. परदेशी पद्धतीच्या रचना जशाच्या तशा उचलण्याऐवजी आपल्याकडच्या ऑर्थोटिस्टांनी सँडलसाठी कमी-जास्त करता येणारा तळ तयार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे या दिशेने मोठे काम झालेलेही आहे: संवेदना गेलेल्या पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाच्या चपला भारतातच विकसित झाल्या आणि कुष्ठरोग व मधुमेह असलेल्यांना त्यांचा फार उपयोग झाला.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरी. ज्यांच्या तळव्यांना बधिरपणा आला आहे, त्यांनी हे तुकडे घरी स्वतः बदलू नयेत. चुकीच्या जागी दाब पडला तर तो त्यांना कळणार नाही आणि जखम व्हायला वेळ लागत नाही. तसेच ज्यांचे एकच पाऊल मोठेपणी अचानक सपाट होऊ लागले आहे आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज व दुखणे आहे, त्यांनी इनसोल घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तो त्रास बहुधा पोटरीतून उतरून कमान उचलून धरणाऱ्या त्या स्नायुरज्जूचा असतो.

लहान मुलांसाठी मी ही जोडी सुचवणार नाही. शाळेत पालक मला याविषयी नेहमी विचारतात. लहानपणी बहुतेक सगळ्यांचेच तळवे सपाट असतात आणि कमान वाढत्या वयात हळूहळू तयार होते. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवचीक सपाट पावलांच्या मुलांना तीन वर्षे खास बूट आणि इनसोल वापरायला देऊनही, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या पावलांत वेगळी सुधारणा दिसली नाही. आपल्या देशात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,३०० मुलांच्या पाहणीत तर सपाट तळवे बंद बूट घालणाऱ्या मुलांत सर्वाधिक आणि अनवाणी फिरणाऱ्यांत सर्वांत कमी आढळले. मूल खेळते आहे, पाय दुखत नाहीत आणि चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसते आहे, तर त्याला अंगणात अनवाणी खेळू द्यावे. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनीही या इनसोलकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पायाची तपासणी अनवाणीच होते.

किमतीविषयी: ठसा, कवच, तुकडे, पाचरी आणि नंतरच्या दोन तपासण्या मिळून मला साडेचार हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. काही शेकड्यांत मिळणाऱ्या तयार इनसोलच्या तुलनेत ही रक्कम मोठी वाटेल, पण त्यातला बराचसा मोबदला तपासणीचा आहे आणि तो योग्य आहे. ऑर्थोटिस्टांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नये. मुंबईच्या वाचकांना हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेचा पर्यायही आहे. १९५५ पासून चालणाऱ्या या सरकारी संस्थेत कृत्रिम अवयव व आधारसाधनांचा स्वतंत्र विभाग आहे.

बूट घेताना आतला मूळ इनसोल काढता येणारा, टाचेमागची भिंत कडक असलेला आणि नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरने मोठा घ्यावा. इनसोल बरोबर नेऊन दुकानातच घालून पाहावे. ईव्हीएचे तुकडे कालांतराने दबतात, म्हणून ते सहा-आठ महिन्यांनी जाडी मोजून बदलावेत, असे मला सांगितले गेले. माझा मऊ तुकडा आता जेमतेम दीड मिलिमीटरचा उरला आहे. नवा संच सुटा आणि अल्प दरात मिळतो, कवच मात्र तेच राहते.