ताम्हिणीची वीकेंड ग्रुप राइड: पैसे भरून जावं का?

आधीच सांगतो, ग्रुपचं नाव लिहिणार नाहीये, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांच्यातलं एक पोरगं अजून माझ्या व्हॉट्सॲपवर आहे. पण मुंबईत राहून ज्यांना शनिवार-रविवार बाइक काढून घाटात जायचंय आणि मित्रांचं काही केल्या जमत नाहीये, त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितोय.

आमचं चौघांचं टोळकं कॉलेजपासूनचं. पल्सरवाला, बुलेटवाला, स्प्लेंडरवाला आणि मी. आधी दर पावसाळ्यात माळशेज, नाहीतर कसाऱ्याच्या बाजूला, खिशात पैसे नसायचे पण निघायचो. आता पैसे आहेत तर एकाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, एकाच्या मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा, एकाला शनिवारी हाफ डे, आणि चौथा म्हणतो तुम्ही ठरवा मी येतोच, म्हणजे तो हमखास येणार नसतो. दोन वर्षं ग्रुपवर नुसत्या धबधब्यांच्या लिंका फिरत होत्या. शेवटी बुलेटवाल्याने ही जाहिरात टाकली. दोन दिवस एक रात्र, पाली-ताम्हिणी-मुळशी-लोणावळा, माणशी २८०० रुपये, त्यात राहणं, रात्रीचं जेवण आणि दोन नाश्ते. यावर स्प्लेंडरवाला लगेच, "रस्ता सरकारचा, गाडी माझी, पेट्रोल माझं, मग २८०० कशाचे?" कुणालाच उत्तर सुचलं नाही, तरी पैसे भरले.

भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तुमच्या जागी दुसरा पाठवता येतो. फॉर्ममध्ये ब्लड ग्रुप, घरच्यांचा नंबर, टायरचा साइज (हे का विचारतायत तेव्हा कळलं नाही, मी तर तो रकाना रिकामाच सोडला), आणि लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सोबत ठेवा, डिजीलॉकरमधलं चालेल असं लिहिलेलं. इतपत सगळं व्यवस्थित.

भेटायचं होतं वाशीच्या पुढच्या एका पंपावर, पहाटे पाचला. मुंबईच्या बाइकवाल्याचं रडगाणं इथूनच सुरू होतं. सी लिंकवर बाइक नाही, फ्रीवेवर नाही, कोस्टल रोडवर नाही, २०२४ ला अटल सेतू झाला, २१.८ किलोमीटर, म्हटलं आता तरी, तर तिथेही बंदी, आणि पुण्याच्या एक्सप्रेसवेवर तर पहिल्यापासूनच नाही. म्हणजे शहरातून बाहेर पडायला जेवढे म्हणून झकास रस्ते केलेत ते सगळे चारचाकीला, आणि आपण लालबागहून सायन, चेंबूर, वाशीचा पूल करत ट्रकच्या मधून. असो, यात ग्रुपवाल्यांचा काही दोष नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चौदा गाड्या होत्या. ब्रीफिंग पंधरा मिनिटं आणि खरंच चांगलं. पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप. लीडच्या पुढे जायचं नाही, स्वीपच्या मागे राहायचं नाही. सरळ रस्त्याला एक डावीकडे एक उजवीकडे अशी तिरकी ओळ, घाटात मात्र एकामागे एक. लीडने एक बोट वर केलं की सिंगल लाइन, पाय बाहेर काढला की त्या बाजूला खड्डा (आपल्याकडे पाय आत घ्यायला सवडच मिळत नाही ती गोष्ट वेगळी). आणि जिथे वळायचंय तिथे लीडच्या मागचा माणूस उभा राहणार, बाकीच्यांना रस्ता दाखवणार, स्वीप आला की मग निघणार. ही युक्ती मला फार आवडली. आम्ही चौघं जायचो तेव्हा प्रत्येक फाट्यावर फोनाफोनी व्हायची. पालीत बुलेटवाल्याला असं उभं केलं, तर शेवटची गाडी यायला दहा मिनिटं लागली आणि तो म्हणे एवढ्या वेळात बल्लाळेश्वराचं दर्शन झालं असतं की.

बुलेटवाल्याचंच अजून एक. तो डोक्यावर ते वाटीसारखं हेल्मेट घालून आला होता. आयोजकांनी सरळ सांगितलं, हे चालणार नाही, आयएसआयवालं पूर्ण हेल्मेट घाला नाहीतर घरी जा, पैसे परत नाहीत. मग त्यांच्याकडचं जास्तीचं दिलं, त्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास, ते घालून हा खोपोलीपर्यंत कुरकुरला. पण त्यांनी ऐकून घेतलं नाही ते बरं केलं. आम्ही मित्र त्याला वीस वर्षांत हे सांगू शकलो नव्हतो.

आता तक्रारी. लीड पंचविशीतला पोरगा, गाडी सुंदर चालवतो, वाद नाही, पण हेल्मेटवर एक कॅमेरा, हँडलवर दुसरा. खोपोली ते पाली शहाण्यासारखा चालला. पालीनंतर रवाळज्यावरून विळ्याला आलो आणि घाट लागला तसा साहेबांनी ॲक्सिलरेटरचा कान पिळला. "सगळ्यात हळू गाडी असेल तिच्या स्पीडने ग्रुप चालेल" हे सकाळी ह्यानेच सांगितलं होतं! आमची स्प्लेंडर ९७ सीसीची, ती चढावर तिच्या मनाने चढते, त्यात तिचा गुन्हा नाही. पुढचे पाच जण गायब, मधले सहा त्यांना गाठायला जीव तोडून पळतायत, आणि मागे आम्ही. सप्टेंबर संपत आला होता, दोन्ही बाजूंना सोनकी पिवळीधमक, तेरडा गुलाबी, कड्यावरून अजून पाण्याच्या धारा, आणि हे बघायला आलेली माणसं समोरच्या टेललाइटकडे बघत चाललेली. त्या दिवसांत घाटातला रस्ता फसवा असतो. उन्हातलं डांबर कोरडं खडखडीत आणि वळून सावलीत शिरलो की शेवाळाचा पट्टा, नाहीतर डोंगरातून आलेली लाल माती. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, हे ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याला गाठायच्या नादात तिथे शिरणं म्हणजे विषयच संपला. कुणी पडलं नाही हे नशीब.

त्यावर कडी म्हणजे ड्रोन. वर एका आंधळ्या वळणावर सगळ्या गाड्या ओळीने लावायला लावल्या, पंचवीस मिनिटं. एसटी आली. ड्रायव्हरने काच खाली करून जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, पण मी मनातून त्यांच्याच बाजूने होतो.

राहायची जागा मुळशीच्या पाण्याकडे, "लेक व्ह्यू". लेक दिसतो, गच्चीत पाण्याच्या टाकीवर चढलं तर. चौदा जणांत दोन संडास. गाद्या ओलसर, पण त्या दिवसांत तिकडे सगळंच ओलसर असतं. जेवणाला मात्र पैकीच्या पैकी मार्क. गावातल्या एका घरून डबे आले, तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, न खाणाऱ्यांना पिठलं, लसणाचा ठेचा आणि इंद्रायणीचा भात, असा चिकट आणि वासाचा की पल्सरवाला नुसता भातच खात बसला. मावशी स्वतः वाढायला होत्या, नको म्हटलं की "मुंबईची माणसं लाजतात फार" म्हणत अजून एक पळी.

रात्री गच्चीत बसलो तेव्हा लीड आणि मंडळी रील एडिट करत होती. स्वीपला असलेले मामा (पंचावन्नच्या पुढचे, पूर्वी गॅरेजमध्ये होते, सगळे मामाच म्हणतात) कोपऱ्यात विडी ओढत होते. समोरच्या अंधाराकडे बोट करून म्हणाले, हे पाणी पुण्याला जायला हवं ना, नदी तर पूर्वेला वाहते, पण टाटांनी धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं, डोंगरातून खाली भिऱ्याला सोडतात, तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. १९२१ ला सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या म्हणून. हे शाळेत वाचलं होतं, पण माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि गिरण्यांना टाटांचीच वीज, हे दोन तुकडे डोक्यात कधी एकमेकांना जोडलेच नव्हते. भिऱ्याला सोडलेलं पाणीच कुंडलिकेत येतं, त्यावर ते राफ्टिंग चालतं, म्हणजे सकाळी आम्ही ज्या बाजूने वर आलो तिकडेच हे पाणी उतरत होतं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग स्प्लेंडरवाला म्हणाला झोपूया.

रविवारी निव्यावरून आत वळून पिंपरी, भांबर्डे करत लोणावळ्याला निघायचं होतं. हा रस्ता देखणा आणि तेवढाच खराब. पिंपरीला अंधारबनच्या ट्रेकवाल्यांच्या बसेस उभ्या होत्या, त्या ओलांडल्या की सगळं सामसूम, फोनला रेंज नाही. आणि तिथेच माझं मागचं चाक डुलायला लागलं. माझ्या गाडीला स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब, म्हणजे ट्यूबलेस टायरची ती दोरी खुपसून काढायची पंक्चर इथे चालत नाही, चाक काढावंच लागतं. माझ्यासोबत फक्त बुलेटवाला. पुढचे सगळे गेले, कुणी मागे वळूनही बघितलं नाही.

पाच मिनिटांत मामा आले. गाडी माझ्याजवळ न लावता मागे, वळणाच्या अलीकडे लावली, इंडिकेटर चालू ठेवले, म्हणजे येणाऱ्याला आधी ती दिसेल. पहिला प्रश्न, "पाणी प्यायलास का?" मग दोन्ही बाजूच्या त्या पेट्या उघडल्या, ज्यांच्यावरून आम्ही सकाळी हसत होतो की मामा घर घेऊन निघालेत. आत माझ्या साइजची ट्यूब. मी बघतच राहिलो. वाशीला पंपावर मामा सगळ्यांची टायरं बघत हिंडत होते, आम्हाला वाटलं हौस आहे. ते रकाना रिकामा ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांचे साइज वहीत लिहून घेत होते.

टायर रिमला असं चिकटलेलं की दोघं वर उभे राहून नाचलो तरी हलेना. मामा म्हणाले बुलेट आण. तिचा साइड स्टँड बरोबर टायरच्या कडेवर टेकवला, गाडी त्या बाजूला कलती केली, फट्! सुटलं. बुलेटच्या वजनाचा एवढा चांगला उपयोग मी आयुष्यात पाहिला नव्हता. जुनी ट्यूब बाहेर काढल्यावर नवी घालायची माझी घाई, तर म्हणाले थांब, जिने भोक पाडलंय ती अजून आत आहे. फडकं गुंडाळून टायरच्या आतून हात फिरवला आणि नखाएवढी तार काढली, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली असते तशी. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूब पाच किलोमीटरही टिकली नसती. मग नव्या ट्यूबला पावडर चोळून, आधी थोडी हवा भरून घेतली, नाहीतर टायर चढवायच्या पट्टीत चिमटून ती बसवतानाच पंक्चर होते म्हणे. बॅटरीवरच्या छोट्या पंपाने हवा, चेनचा ताण बघितला, चाक दोनदा फिरवून ऐकलं. पन्नास मिनिटं. ट्यूबचे तेवढे घेतले, वरचे देऊ केले तर हातानेच नको म्हणाले.

लोणावळ्यात पोचलो तर बाकीचे चिक्की घेऊन गाडीवर बसलेले, "चला चला, उशीर झाला". आम्हाला चहासुद्धा नाही. चिडलोच मी, बोललोही.

उतरताना बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी मामा क्षणभर थांबले, नाणं टाकलं आणि निघाले. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची गोष्ट सांगतात.

घर ते घर मीटरवर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास झाले. स्प्लेंडरवाल्याच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. २८०० मधले लीडचे मी शून्य धरतो, खोलीचे तीनशे, जेवणाचे पाचशे, बाकीचे सगळे मामांचे. नवीन शिकणारा असाल, घाटात पहिल्यांदा जात असाल, तर जा, पण पुढच्यांना गाठायला जाऊ नका, खुशाल मागे राहा, मागे माणूस आहे. ज्यांना एकटं फिरायची सवय आहे आणि पंक्चर स्वतः काढता येते त्यांनी पैसे वाचवावेत. मागे बायको बसवून नेणार असाल तर संडासांचं आधी विचारून घ्या.

परवा त्यांच्या पुढच्या राइडचं पोस्टर आलं, वरंधा घाट, लीडचा मोठा फोटो, गॉगल लावलेला. मी विचारलं, स्वीपला कोण आहे? दोन निळ्या टिका आल्या. अजून उत्तर नाही, त्यामुळे पैसेही भरलेले नाहीत.