एकतीस ओळखीचे, आणि ओळखणारा एकही नाही

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं. सासऱ्यांच्या काळापासून घरात माग आहेत. आधी हातमाग होते, आता चार यंत्रमाग. साडी आजवर व्यापाऱ्याकडेच जायची. गेल्या वर्षी मी ठरवलं, थोडा तरी माल आपण स्वतः विकायचा. नवरात्राच्या आधी कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला. तेव्हा नणंदेनं विचारलं, "व्हिजिटिंग कार्ड केलीस काय?"

केली नव्हती. आणि आमचं कार्ड साधं होणार नव्हतं. बैलहोंगल, गोकाककडच्या बायका येतात, त्यांना कन्नड हवं. चोर्ला घाटातून गोव्याची गिऱ्हाईकं येतात. खानापूर, निपाणी, चंदगडची मंडळी मराठी. म्हणजे एका बाजूला मराठी आणि इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. शहापुरात, गणपत गल्लीत, खडेबाजारात प्रेस आहेत, हे मला माहीत होतं. पण घरचं, मागाचं आणि स्टॉलचं एकदम अंगावर आलेलं, म्हणून फोनवरच माणूस शोधला. फेसबुकवर लिहिलं: "बेळगावात तीन भाषांत चांगलं व्हिजिटिंग कार्ड कोण करून देईल?"

तासाभरात आमच्या भिशीतल्या एका ओळखीच्या बाईनं एकाला टॅग केलं. मी त्याचं प्रोफाइल उघडलं. आमचे एकतीस म्युच्युअल फ्रेंड. त्यात माझा मावसभाऊ, शाळेतली मैत्रीण, मुलाच्या क्लासचे सर. फोटोंमध्ये आपल्या बेळगावजवळचा राजहंसगड, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, गणपती. माझ्यापुरती चौकशी तिथेच संपली.

फोनवर बोलणं तर घरातल्या दिरासारखं. "वैनी, काय काळजी करू नका. आपण सीमाभागातली माणसं, एकमेकांना धरूनच राहायला पाहिजे." हे वाक्य मला अजून टोचतं. आपल्याकडे अनोळखी माणूस मराठीत, तेही आपल्या बेळगावी वळणाच्या मराठीत बोलला की अर्धा विश्वास आपण आधीच देऊन टाकतो. त्यात वाईट काही नाही. पण आपण तो असा देतो हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं नेमकं तेच वापरलं.

त्यानं दहा-बारा नमुने पाठवले. सगळे देखणे. संगमरवरावर ठेवलेली कार्डं, सोनेरी कडा, मागे झाडाची सावली. फोन नंबर सगळ्यांवर पुसलेले, "गिऱ्हाइकांची प्रायव्हसी" म्हणून. नंतर मुलानं गूगल लेन्सवर टाकून बघितलं, तर हे सगळे तयार टेम्प्लेटच्या साइटवरचे फोटो. त्यातलं एकही कार्ड बेळगावात कुणाच्या खिशात गेलेलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच मागायला हवं होतं: तुम्ही केलेलं एक छापील कार्ड हातात द्या, आणि ज्याचं आहे त्याला माझ्यासमोर फोन लावा.

ठरलं असं: डिझाइनचे १,२०० आणि हजार कार्डांच्या छपाईचे १,८००. अर्धे आधी, म्हणून १,५०० पाठवले. दोन दिवसांत डिझाइन आलं. मरून रंग, कोपऱ्यात सोनेरी मोर. घरात सगळ्यांना आवडलं. "शीट आज रात्री लागतेय, बाकीचे टाका," म्हणाला. उरलेले १,५०० टाकले.

इथून पुढे दर दोन दिवसांनी नवीन काहीतरी. आधी म्हणाला, "कर्नाटकात आता साठ टक्के कन्नड सक्तीचं झालंय, कार्डावर पण. नाहीतर दंड बसेल. कन्नड बाजू परत करावी लागेल." त्याचे ७००. साठ टक्के कन्नडचा नियम खरा आहे, २०२४ च्या दुरुस्तीनं आला, आणि गावात त्यावरून काय चाललंय ते आपण सगळे बघतो. पण तो दुकानांच्या, व्यवसायांच्या नामफलकांचा नियम. त्यानं खऱ्या नियमाची भीती घातली आणि मी न विचारता पैसे दिले. मग चार रंगांच्या प्लेटचे ९००. मी बिल मागितलं तर बिलाचा फोटो आला, आणि ४,६०० वर १८ टक्के जीएसटी म्हणून ८२८ मागितले. शेवटी कुरिअरचे ३५०. एकूण ५,७७८. प्रत्येक रक्कम इतकी लहान, की तेवढ्यासाठी भांडत बसण्यापेक्षा देऊन मोकळं व्हावं असंच वाटायचं.

त्या बिलावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटकाचा २९. हा तर स्वतःला बेळगावचा म्हणवत होता. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून कुणाचा आहे ते बघता येतं. मी बघितलं, पण सगळं झाल्यावर. तो नंबर भलत्याच एका व्यापाऱ्याचा निघाला. पंधरा अक्षर-आकड्यांतले पहिले दोन वाचायला किती वेळ लागतो?

प्रदर्शनाला चार दिवस उरले तरी कार्डं नाहीत. "तुमचंच काम करूलालोय वैनी," असा एक मेसेज आला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. मग मी शहापुरातल्या एका जुन्या प्रेसमध्ये गेले. माझ्याजवळ होता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी. तो बघून प्रेसवाले काका म्हणाले, "ही फाईल छापायची न्हवं, बघायची आहे." त्यांनी मोठी करून दाखवली तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात, रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात लागतात, कटिंगसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जागा जास्त सोडावी लागते. यातलं काहीच नव्हतं. कन्नड बाजू वाचायला लागलो तर जोडाक्षरं सुटी झालेली, ओत्तक्षर, म्हणजे कन्नडात अक्षराखाली लागणारं जोडचिन्ह, बाजूला जाऊन पडलेलं. मराठीतसुद्धा एका ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे लागलेली. काकांनी सांगितलं, आपल्या लिपी नीट न जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की असं होतं. म्हणून अक्षरं आधी कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून घेतात, आणि प्रूफ त्या भाषेत वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय मशीनवर घेत नाहीत. प्लेटच्या पैशांबद्दल विचारलं. हजार कार्डांच्या कामाला वेगळी प्लेट कोण लावत नाही, एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र जातात आणि तो खर्च दरातच धरलेला असतो, असं ते म्हणाले.

वेळ नव्हता. काकांनी मजकूर स्वतः परत बसवला, मला दोनदा वाचायला लावला, आणि डिजिटलवर दोनशे कार्डं काढून दिली. मोर आणि पैसे घ्यायचा क्यूआर मात्र त्या जुन्या फाईलमधलेच घेतले. "क्यूआर स्कॅन करून बघितलाय न्हवं?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "आमचाच आहे की." रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मला कोल्हापूरचं सामान बांधायचं होतं.

खरा घाव तिथे बसला. मी त्या माणसाला आमच्या दुकानातल्या क्यूआरचा फोटो दिला होता. तो म्हणाला होता, "फोटो तिरका आलाय, मी स्वच्छ नवीन काढून बसवतो." त्यानं बसवला तो दुसऱ्याच खात्याचा. दोन क्यूआर शेजारी ठेवले तरी आपल्या डोळ्याला फरक कळत नाही, दोन्ही काळे-पांढरे चौकोनच. कळतो तो फक्त स्कॅन केल्यावर, पैसे पाठवायच्या आधी नाव येतं तेव्हा.

स्टॉलवर आमचा बँकेचा क्यूआर ठेवलेला, त्यामुळे तिथले पैसे बरोबर आले. पण साठेक कार्डं लोकांनी नेली. मग दिवाळीच्या आधी घरी फोन येऊ लागले. इचलकरंजीच्या एका बाईंनी २,८५० ची साडी सांगितली, कार्डावरचा क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनशॉट पाठवला. मी रक्कम बघितली, हिरवी खूण बघितली आणि साडी रवाना केली. आठवड्यानं गडहिंग्लजहून ३,२०० ची. खातं नवऱ्याच्या नावावर, मेसेज त्यांच्या फोनवर, आणि ते दिवसभर मागाच्या खडखडाटात. सणाच्या गडबडीत कुणीच ताळा केला नाही.

तिसऱ्या वेळी मडगावच्या ताईंनी १,९५० पाठवून विचारलं, "हे तुमच्या मिस्टरांचं नाव का?" स्क्रीनशॉटवर भलत्याच माणसाचं नाव होतं. मी कार्ड घेतलं आणि स्वतःच्या फोनवर पहिल्यांदा स्कॅन केलं. तेच नाव. आधीचे दोन स्क्रीनशॉट उघडले, तिथेही तेच. हात थरथरत होते. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या बायकांनी आमच्या शब्दावर पैसे पाठवले होते.

मडगावच्या ताईंना मी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगितलं. तिथे व्यवहाराचा बारा आकडी नंबर, बँक, वेळ आणि रक्कम विचारतात, ते हाताशी ठेवा. पैसे पाठवून तासही झाला नव्हता म्हणून ते १,९५० पुढच्या खात्यात अडवले गेले. अजून हातात आलेले नाहीत, पण त्या चोराच्याही हातात गेले नाहीत. आधीच्या दोन रकमा त्याच दिवशी पुढे सरकल्या होत्या. मी सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरली, पावती घेतली आणि सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये पहिला प्रश्न विचारला: चॅट आहे का? अर्धी नव्हती. त्यानं "सगळ्यांसाठी डिलीट" करून मेसेज पुसलेले, प्रोफाइलही गायब. राहिले माझ्या मुलानं सहज घेतलेले चार स्क्रीनशॉट आणि त्याला पैसे पाठवल्याच्या नोंदी. कुणालाही आगाऊ पैसे देत असाल तर त्याच दिवशी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, भांडण व्हायची वाट बघू नका.

मग मी त्या एकतीस जणांना एकेक करून फोन लावले. दोन संध्याकाळी गेल्या. मावसभाऊ म्हणाला, "रिक्वेस्ट आली होती, राजहंसगडचा फोटो बघून घेतली." सर म्हणाले, "पालक असेल म्हणून घेतली." मैत्रिणीनं घेतली, कारण यादीत माझ्या मावसभावाचं नाव होतं. आणि जिनं टॅग केलं त्या बाई रडायलाच लागल्या. "मी तर त्याच्याकडून काहीच केलेलं नाही गं. त्याचं पोस्ट छान दिसलं म्हणून तुला सांगितलं." एकतीसपैकी एकानंही त्याला बघितलेलं नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघून त्याला आत घेतलं, आणि मी एकतीस जणांकडे बघून. माझा त्या बाईंवर राग नाही. पण आता मला कुणी टॅग करून नाव सुचवलं की मी एकच विचारते: तुमचं स्वतःचं काम त्यानं केलंय काय, आणि ते मला बघायला मिळेल काय?

इचलकरंजी आणि गडहिंग्लजच्या बाईंकडून आम्ही पुन्हा पैसे घेतले नाहीत. साड्या त्यांच्याच. तिन्ही मिळून ८,०००, त्यातले ६,०५० आमच्या अंगावर आले, आधीचे ५,७७८ वेगळे. नवीन कार्डं काकांनीच छापली. क्यूआर काढूनच टाकला, तिथे फक्त फोन नंबर आहे.

जुनी एकशे चाळीस कार्डं मी मागाच्या खोलीत बसून कात्रीनं कापली. बाहेर गेलेल्या साठांपैकी सतरा जणांशी बोलणं झालंय. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. नवरात्राच्या आधी कोल्हापूरच्या प्रदर्शनात तुम्ही वडगावच्या साड्यांच्या स्टॉलवर आला असाल, आणि तुमच्या पर्समध्ये मरून रंगाचं, कोपऱ्यात सोनेरी मोर असलेलं कार्ड असेल, तर कृपा करून त्यावरचा क्यूआर स्कॅन करू नका. फाडून टाका. फोन नंबर बरोबर आहे, त्यावर मी भेटेन.