थेट व्हिडिओवर आलेले डिस्नीचे पुढचे भाग: सहा महिने पाहिल्यावर

डिस्नीने थिएटर टाळून थेट कॅसेट-डीव्हीडीवर काढलेल्या पुढच्या भागांना सरसकट नावं ठेवली जातात. सहा महिने मूळ चित्रपट आणि त्याचे भाग जोडीने पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. कमी पैशांत काढलेलं चित्र डोळे सहन करतात. टीव्ही मालिकेचे तुकडे जोडून केलेला 'चित्रपट' मात्र सहन होत नाही.

ओळखायचं कसं? घड्याळ बघा. वीस-बावीस मिनिटांत गोष्ट पार मिटली आणि लगेच नवी सुरू झाली, की ते जोडकाम. 'अटलांटिस: मायलोज रिटर्न' (२००३) म्हणजे बारगळलेल्या मालिकेचे तीन भाग. 'टारझन अँड जेन'ला (२००२) धागा फक्त लग्नाच्या वाढदिवसाचा. 'सिंड्रेला २'मध्येही (२००२) उंदीर पुस्तक तयार करतात आणि त्या निमित्ताने तीन सुट्या गोष्टी. पहिलीतलं काहीच तिसरीत उपयोगी पडत नाही, त्यामुळे मुलंही चुळबुळायला लागतात.

'सिंड्रेला ३' (२००७) हाही व्हिडिओसाठीच काढलेला, पण गोष्ट एकच आणि घट्ट. जादूची कांडी सावत्र आईच्या हाती लागते, काळ मागे फिरतो आणि काचेचा बूट सावत्र बहीण अनास्तासियाच्या पायात बसतो. मूळ चित्रपटात हसं झालेल्या या मुलीची इथे खरोखर कणव येते. हा चुकवू नका.

या सगळ्याची सुरुवात 'अलादीन'च्या दुसऱ्या भागापासून, १९९४च्या 'रिटर्न ऑफ जाफर'पासून. १९९२च्या 'अलादीन'मधली एक फ्रेम थांबवून शेजारी ठेवा: 'जाफर'मध्ये गाल-मानेवरच्या सावल्या बऱ्याच ठिकाणी गेलेल्या, त्या जागी सपाट रंग. त्याहून मोठं नुकसान आवाजाचं. मूळ जिनीला आवाज देणारा रॉबिन विल्यम्स नाही, इथे जिनी डॅन कॅस्टेलानेटाच्या आवाजात बोलतो. मूळ जिनीचे हातवारे विल्यम्सच्या बोलण्याच्या वेगावर बेतलेले होते, म्हणून इथे तो जरा मंदावल्यासारखा वाटतो. १९९६च्या तिसऱ्या भागात विल्यम्स परतला आणि फरक पहिल्याच प्रसंगात कळतो.

आता डिस्कचं. आपल्याकडच्या पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेम धावतात. ९० मिनिटांचा चित्रपट साधारण ८६ मिनिटांत संपतो आणि गाणी किंचित चढ्या पट्टीत वाटतात. काही कापलेलं नसतं. हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर प्लेअरमध्ये डीइंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र जोडून सलग करणारी सोय) चालू करा. चौकोनी चित्र टीव्हीवर ताणू नका, चेहरे फुगतात. रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

आणि 'लायन किंग १½' हाच काही देशांत 'लायन किंग ३' नावाने निघाला आहे. दोन्ही घेऊ नका.