पेटी घ्यावी की सुटे पाने? घरच्या गॅरेजसाठी हत्यारं घेताना

स्कूटर आणि कारची किरकोळ कामं घरीच करायची ठरवली की दोन वाटा समोर येतात. एक, ऑनलाइन मिळणारी 46 नगांची पेटी मागवणं. दुसरी, आमच्या नागपुरातल्या इतवारीच्या लोहा ओळीत, म्हणजे लोखंडी मालाच्या बाजारात जाऊन सुटे पाने निवडून घेणं. मी दोन्ही करून बसले आहे. माझं मत सुट्या पान्यांच्या बाजूचं आहे, पण पेटी कोणाला पुरते तेही सांगते.

पाच-सातशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या त्या पेटीत साधारण 4 ते 14 मिमीच्या गोट्या (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट), एक छोटं रॅचेट (गोटी न काढता मागेपुढे हलवून नट फिरवायचा दांडा) आणि पेचकसाचे बिट असतात. सगळा माल पाव इंची चौकोनाचा, म्हणजे दांड्याच्या ज्या चौकोनी टोकावर गोटी बसते ते पाव इंचाचं. सायकल, कुलर, शिलाई मशीन, स्कूटरचे प्लास्टिकचे पॅनल, बॅटरीच्या टर्मिनलचा 10 चा नट, एवढ्याला ती छान चालते. तुमचं काम इथेच संपत असेल तर पेटी घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

कारच्या चाकाला हात लावायचा असेल तर गणित बदलतं. चाकाचे नट बहुतेक 17, 19 किंवा 21 चे असतात. ती गोटी पेटीत नसतेच. अडॅप्टर लावून मोठी गोटी बसवता येते, पण जोर शेवटी त्या पाव इंची चौकोनावरच येतो. अर्धा इंच म्हणजे जाडी दुप्पट, एवढंच डोळ्यांना दिसतं. पीळ सोसायची ताकद मात्र जाडीच्या घनाने वाढते, म्हणजे पोलाद तेच असेल तर आठपट. आमच्या मानेवाड्याच्या घरी दिराने असल्याच एका पेटीच्या रॅचेटच्या दांड्यात पाइप घातला आणि गाडीखालचा गंजलेला नट सोडवायला घेतला. आतले दाते कटकन गेले, हात सुटून बॉडीच्या पत्र्यावर आपटला आणि दोन टाके पडले. म्हणून चाकाच्या नटासाठी अर्ध्या इंची लांब टॉमी (रॅचेट नसलेला साधा दांडा) आणि त्यावर आपल्या गाडीच्या मापाची एक गोटी, एवढी वेगळी घ्याच. अख्खा अर्ध्या इंची सेट पहिल्या दिवशी लागत नाही. आणि नट सुटेपर्यंत रॅचेट वापरू नका. ते सैल झालेला नट भराभर फिरवायला असतं. रॅचेट घेताना दाते विचारा: 24 दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला 15 अंश फिरायला लागतं, 72 दात्यांच्याला 5 अंश. बोनेटखाली जिथे हात जेमतेम शिरतो तिथे हा फरक जाणवतो.

माझे बाबा मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. ते म्हणायचे, जे नटाला धरते त्यावर पैसा टाक, जे ठोकते त्यावर वाचव. मी अजून तसंच करते. हातोडी, मोजपट्टी, तेलाचा ट्रे, नरसाळं स्वस्तातलं चालतं. पाना, गोटी आणि पेचकसाचं टोक मात्र चालत नाही, कारण हत्यार हलकं निघालं की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग खर्च गाडीचा होतो.

पान्यांत खरी निवड तीन प्रकारांची आहे. दोन तोंडी उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, पण बाजूने सरकवता येतो. त्याचं तोंड 15 अंश तिरकं असतं ते यासाठी की अडचणीत पाना उलटा करून पुन्हा लावता यावा. रिंग पाना सगळ्या सहा कोपऱ्यांना धरतो, म्हणून घट्ट नटावर आधी तोच. कॉम्बिनेशन पान्याच्या एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड, दोन्ही एकाच मापाचे. घरासाठी मी आधी रिंग पान्यांचा आठ नगांचा संच घेईन, आणि त्याला जोड म्हणून 10, 12, 13, 14 आणि 17 चे सुटे कॉम्बिनेशन. जोड कशाला? बऱ्याच ठिकाणी बोल्टचं डोकं आणि मागचा नट एकाच मापाचे असतात. एक धरायचा, दुसरा फिरवायचा. नुसता रिंग सेट असला की इथे अडतं. मापांचंही पाहा: जपानी घराण्याच्या गाड्यांत 8, 10, 12, 14, 17, 19 जास्त लागतात, युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत 13, 16, 18 ही येतात.

गोटीत सहा कोनी आणि बारा कोनी असा फरक असतो. बारा कोनी दर 30 अंशांवर बसते, सोयीची असते. सहा कोनी नटाच्या सपाट बाजूंवर बसते, गंजलेल्या नटाला ती सोडवते. एकच घेणं शक्य असेल तर सहा कोनी. दुचाकीच असेल तर गोट्यांऐवजी 8, 10, 12 चे टी पाने (टी आकाराच्या दांड्याला गोटी जोडलेले) आणखी स्वस्तात काम भागवतात. रस्त्यावरच्या मेकॅनिककडे बघा, त्याच्या हातात बहुतेक वेळ टी पानाच असतो.

आता छाप. टपारिया ही आपल्याकडची, नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेली कंपनी, 1969 पासून हत्यारं बनवणारी. तिचा मोठा फायदा म्हणजे एक पाना हरवला तर तेवढाच सुटा मिळतो. स्टॅनलीची मांडणी देखणी, पण घरगुती पान्यांसाठी वरचे पैसे मी देणार नाही. जालंधर-लुधियानाकडचा मालही भरपूर येतो आणि त्यात चांगला-वाईट दोन्ही असतो, म्हणून पारखून घ्यावा. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ (मजबूत पोलादाचा एक प्रकार) कोरलेलं असतं, पण ते कोणीही कोरू शकतो. मी घरून एक 14 चा नवा बोल्ट खिशात घेऊन जाते. पाना त्यावर डुगडुगला की परत. तोंडाच्या आतल्या बाजू गुळगुळीत हव्यात, मुलामा कडेला पोपडे धरलेला नको. पक्कड बंद करून उजेडात धरा, कापायच्या धारेतून फट दिसता कामा नये. दुकानदार म्हणतो, “ताई, डब्बाच घेऊन जा ना, सगळं येते त्यात.” तरी बोल्ट काढायचाच. नावाजलेल्या छापांच्या नकलाही बाजारात फिरतात, तेव्हा पक्कं बिल घ्या.

पेचकसाबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जपानी बनावटीच्या दुचाक्यांचे अधिक-चिन्हाचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण त्यांचा खाचा थोडा वेगळा असतो. त्यांना जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) म्हणतात आणि डोक्यावर बरेचदा एक छोटा ठिपका असतो. साधा पेचकस त्यावर जोर देताच वर उसळतो आणि खाचा खाऊन टाकतो. इंजिनच्या कव्हरचे स्क्रू उघडायचे असतील तर त्या मापाचा पेचकस आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. पकडीच्या मुठीवरच्या रबराला मात्र विजेपासूनचं संरक्षण समजू नका.

जुना माल? जाड ठोकलेलं माप असलेला जुना पाना आणि बेंच व्हाइस मी डोळे झाकून घेते. जुनं रॅचेट आणि जुनी गोटी कधीच नाही, आतली झीज दिसत नाही. जुन्या पान्यावर ‘डब्ल्यू’ असेल तर तो व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा. त्यावरचा आकडा तोंडाचं माप नसून बोल्टच्या जाडीचा असतो, जुन्या बुलेटवाल्यांच्याच कामाचा.

ठेवायची जागाही निवडीत धरा. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात रबरी मुठी चिकट होतात, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर उघड्या पोलादावर आठवड्यात तांबूस डाग येतात. मी पोळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा सगळे पाने इंजिन ऑइलच्या फडक्याने पुसते. बाबांचा 17-19 चा रिंग पाना त्याच फडक्यावर अजून चालतो आहे.